पहिलं बक्षीस

परीक्षक महाशय, तुम्ही उत्कर्षाची चित्रं पाहिलीत, पण वाचली नाहीत.

हडपसरच्या या दहावीतल्या पोरीने आपली गोष्ट बारा चौकटींत काढली होती. क्लास लागल्यापासून तिची खोली दर चौकटीत लहान होत जाते आणि शेवटी ती गुडघे पोटाशी घेऊन भिंती रेटत बसते. स्टेजवर तुम्ही म्हणालात, "वा! शेडिंग काय सुरेख जमलंय!" आणि पहिलं बक्षीस जाहीर केलंत: स्पर्धेच्या प्रायोजकांच्या, म्हणजे त्याच क्लासच्या, निवासी बॅचमध्ये दोन वर्षं मोफत प्रवेश. तिचे बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते.



माईकवर तिने विचारलं, "सर, नको म्हटलं तर चालेल?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. हसून झालं असेल, तर आता तिला उत्तर द्या.