गुनवोरचं नाक

"बोटीत पेट्रोलचा वास येतो रे," असं गुनवोर सहा उन्हाळे नवऱ्याला, ऑडवारला, सांगत होती. पण टाकी डेकखाली चिणलेली, बघायची तरी डेकच कापावा लागणार. आणि ऑडवारचा त्या गुळगुळीत फायबरच्या डेकवर भारी जीव. "तुला भास होतात," म्हणत त्याने तिलाच डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू करवल्या.

यंदा ईस्टरला इंजिनच बंद पडलं, तेव्हा झक मारत त्याने डेकला करवत लावली. टाकीच्या बुडाची पार चाळण झाली होती.

"आधी जाऊन बायकोचे पाय धर!" शेजारच्या बोटीवरून सिगबियर्न ओरडला.

टाकी बदलून ऑडवार घरी आला. दारातच गुनवोर म्हणाली, "अरे, तुझ्या कपड्यांना पेट्रोलचा वास येतोय."

 

"आजची गोळी राहिली वाटतं तुझी," तो म्हणाला.