खुनी डॉक्टर आहे

गंभीर वाचकाने रहस्यकथेला हात लावू नये, असं भालचंद्रराव आयुष्यभर सांगत आले. निवृत्तीनंतर मात्र बायकोशी गोळ्यांच्या वेळांपलीकडे बोलायला विषय उरेना, म्हणून त्यांनी वाचनालयातून तिच्या आवडीची एक रहस्यकथा आणली.

दुसऱ्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘खुनी डॉक्टर आहे.’

"काय हा चावटपणा!" ते कडाडले. तरी दिवसभर त्यांनी डॉक्टरवरची नजर हटवली नाही. चहा गार झाला. शेवटी खुनी निघाला माळी.

"अगं, धडधडीत खोटं लिहिलंय!"

कुमुदताईंना हसू आवरेना. "अहो, मीच लिहिते ते. सगळ्या पुस्तकांत."

भालचंद्ररावांनी खुर्ची जवळ ओढली. "आता पुढच्यात कुणाला अडकवायचं?"

त्या दिवशी दोघांच्याही गोळ्या घ्यायच्या राहिल्या.