मनगटाची नाडी

ट्रेमध्ये दोन बारीक तारा, एक ड्रिल. समोर एक्स-रेचा पडदा. आणि निळ्या कापडाखालून बाहेर काढलेला सहा वर्षांच्या मुलीचा डावा हात. घसरगुंडीवरून पडून कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं. हात गार होता आणि मनगटाला नाडी लागत नव्हती.

सर्जननी हाड ओढून जागेवर बसवलं, कातडीतूनच दोन्ही तारा घातल्या. पडद्यावर हाड सरळ दिसलं.

“नाडी बघ.”

शिकाऊ डॉक्टरनं मनगटावर बोटं दाबली. सही करण्याआधी मुलीच्या आईनं एकच विचारलं होतं, “हात राहील ना?” नाडी लागू दे, असं ती शिकाऊ डॉक्टर मनाशी म्हणतेय तोवर लागलीसुद्धा.

“लागतेय, सर.”

सर्जननी प्लॅस्टर मागवलं.

“किती आहे?” भूल देणाऱ्या बाईंनी सहज विचारलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळावर मोजली. “एकशे सव्वीस.”

बाई मॉनिटरकडे बघत राहिल्या. “पोरीचे ठोके अठ्ठ्याण्णव आहेत. ही तुझीच नाडी आहे गं. किती घाबरशील?”

तिचे कान तापले. तिनं बोटं सैल केली. खाली काहीच नव्हतं. मुलीची नखं मेणासारखी पांढरी होती.

प्लॅस्टर परत गेलं. सर्जननी तारा काढून कोपराच्या पुढच्या बाजूनं छेद घेतला. हाताची मुख्य रक्तवाहिनी हाडाच्या दोन तुकड्यांत चिमटली होती. त्यांनी ती सोडवली, हाड पुन्हा बसवलं, तारा पुन्हा घातल्या. रक्तवाहिनी आखडून सुतळीएवढी झाली होती. तिच्यावर कोमट सलाइनचा बोळा ठेवून सगळे थांबले.

“आता बघ.”

“सर, तुम्हीच बघा ना.”

“तूच बघायचंस. मघाशी फसलीस, आता नाही फसणार. आणि मॉनिटरकडे पाठ कर.”

बाईंनी मॉनिटरचा आवाज मिनिटभर बंद केला.

तिनं पाठ केली. या वेळी बोटं दाबली नाहीत. झोपलेल्याच्या पापणीवर टेकवावीत तशी टेकवली. मास्कच्या आत तिचे ओठ मिनिटभर हलत राहिले.

“एकशे एक,” ती म्हणाली.

मॉनिटरवर एकशे दोन होते.