गाढवाला सांगितलेला निरोप

वळणावर सासूबाई दिसल्या आणि वार्दुगूने वाट सोडली.

दुसरं करणार काय? सहारा वाळवंटातल्या तिबेस्तीच्या डोंगरात जावई सासूसमोर जात नाही, तिच्याशी बोलत नाही, तिचं नाव तर स्वप्नातही घेत नाही. थंड झालेल्या ज्वालामुखीच्या विवरात आठ दिवस मिठासारखा खार गोळा करून तो वर निघाला होता. पुढे पोती लादलेलं गाढव, मागे तो, आणि नेमक्या वाटेच्या तोंडाशी, काठावर, सासूबाई. त्याने फेट्याचं टोक नाकावर ओढलं, गाढवाला ढोसलं आणि डावीकडच्या रुंद पांढऱ्या कडेवर घुसला.

इथेच चुकलं. या कड्यात थरावर थर आहेत. काळा आणि तांबडा म्हणजे कधीकाळी ओघळून थिजलेला दगड, त्यावरून उंटांचा तांडा न्यावा. मधला पांढरा म्हणजे नुसती दाबलेली राख. दिसायला ऐसपैस, पण पाय पडला की शिळ्या भाकरीसारखी मोडते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वार्दुगूलाही होतं, पण लाजेपुढे अक्कल चालत नाही.

वीस पावलांवर मागची कड ढासळली. खाली गेलेले दगड बराच वेळ वाजत राहिले. आता मागे काहीच नव्हतं आणि पुढे हातभर वाट. घरी बायकोचे दिवस भरले होते. आपण मूल न बघताच मरणार, असं त्याला वाटलं.

"ए गाढवा!" वरून हाक आली.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासूबाईंचा आवाज वार्दुगूने आज पहिल्यांदा ऐकला.

"गाढवा, तुलाच सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही! पुढं चार पावलांवर तांबडा थर खाली उतरलाय. तिथनं चढ. पण आधी ती पोती टाक. जीव मोठा की खार मोठा?"

लेकी बोले सुने लागे. वार्दुगूने सुरी काढून दोर कापले आणि आठ दिवसांची मेहनत विवराला परत केली.

"पण पाय कुठं ठेवायचा, अहो गाढवराव?" तो ओरडला. गाढवाला जन्मात पहिल्यांदा कुणी अहो म्हटलं होतं.

"काळा दगड पुढं आलाय ना, त्याच्यावर! आणि मागच्याला म्हणावं, शेपूट सोडशील तर याद राख!"

गाढव चढलं. शेपूट धरून तोही चढला. पायाखाली तांबडा दगड आला, घट्ट आणि उन्हाने तापलेला. काठ आता दहा हातांवर होता. रिवाजाप्रमाणे सासूबाई एका शिळेआड झाल्या, निळा पदर तेवढा बाहेर राहिला.

"गाढवा," शिळेमागून आवाज आला, आता हळू. "तीन दिवस इथं येऊन तुझी वाट बघतेय. तुझ्या मालकाला मुलगी झालीय. आई ठणठणीत आहे. आणि पोरगी रडते अशी, की बकऱ्या दाव्याला ओढ देतात. नाव तेवढं राहिलंय. म्हटलं, बाप येऊ दे."

वार्दुगू उरलेले दहा हात चढून काठावर आला. हसू आणि रडू एकदमच आलं. गाढवाच्या मानेत तोंड खुपसून त्याने दोन्ही उरकून घेतलं.

"गाढवराव," शेवटी तो म्हणाला, "त्यांना सांगा, पोरीला आजीचं नाव ठेवायचं."

"कुठल्या आजीचं?"

"जी त्या शिळेमागं नाहीच, तिचं."



"गाढवा, त्याला काही कळतंय का? मग जन्मभर स्वतःच्या लेकीला नावानं हाक मारता यायची नाही त्याला!"

"नाही तर नाही, गाढवराव. बाप आपला 'ए पोरी' म्हणेल. बाकी सगळं गाव आहे की हाक मारायला."

निळा पदर हलला आणि सासूबाई मागे न बघता गावाच्या दिशेने झपाझप निघाल्या. साठी उलटलेली बाई, पण चाल आज नव्या नवरीची. उतारावर पोचल्यावर त्यांनी तोंडाशी हात धरून पहिली हाक मारली. मग दुसरी, मग तिसरी. त्या स्वतःचंच नाव हाकारत चालल्या होत्या, आणि विवराचा एकेक कडा ते नाव परत म्हणत होता. वार्दुगू काठावर उभा राहून, ओठ घट्ट मिटून, हसत होता.