पायथ्याची दोरी

फोन आला तेव्हा देवमन ओसरीवर खाट विणत होता. वाशीमहून त्याच्या बायकोचा, भागिरथाचा, भाऊ बोलत होता. ऑपरेशन नीट झालं, पण रक्त थांबलंच नाही, म्हणाला. भागिरथा गेली. देवमनने फोन ठेवला. हातातली दोरी कुठे बांधायची तेच त्याला सुचेना. खाट पुढे वर्षभर तशीच अर्धी पडून राहिली.

त्याला आता चार वर्षं झाली. मेडशीच्या त्याच ओसरीवर, त्याच खाटेवर मुलगी धम्मदीपा लॅपटॉप उघडून बसली होती. ती पुण्यात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनावर संशोधन करायची. पाचवा महिना चालू होता म्हणून आठ दिवस माहेरी आली होती. एप्रिलचं ऊन तापलं होतं, तरी तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा कुडता होता.

पडद्यावर नुसते ठिपके होते, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा.

"हे त खाटेचं विणकाम हाये," देवमन म्हणाला.

"तसंच समजा, बाबा. एका प्रथिनाचे हे चारशे सहा ठिपके. कोण कोणाले धरून हाये, त्याच्या ह्या रेषा. रक्त बांधायचं काम होते इथं, वर. आईचा बिघाड होता इथं, पार खाली. इतक्या दुरून एका ठिपक्यानं काय होते, कोणालेच समजत नव्हतं. मी एकेक ठिपका काढून पाह्यला. हा काढला, की वरच्या साऱ्या रेषा ढिल्या पडतात."

देवमन हसला. "एवढ्यासाठी पुण्याले कायले गेली वं? पायथ्याची दोरी ढिली केली, की उशाकडचा माणूस खाली जाते. तुह्या आईनं दोनदा पाडलं मले."

धम्मदीपाही हसली. मग म्हणाली, "एकीकडून आला त हा बिघाड कळतही नाही. दुसऱ्या बाजूचं चांगलं प्रथिन काम निभावून नेते. आईबाप दोघांकडूनही आला, त मंग रक्त थांबत नाही. आईले दोघांकडून आला होता. तिचे आईबाप नात्यातलेच होते ना."

देवमनचं हसू थांबलं. भागिरथा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. घरची पोरगी घरातच राहील, म्हणून त्याच्या आईने हौसेने हे लग्न जमवलं होतं.

त्याने मुलीकडे पाहिलं. ती बाही खाली ओढत होती. मनगटाच्या वर रुपयाएवढा निळा डाग होता.

"कुठी लागलं?"

"बसच्या दांड्याले. जरासंच."

भागिरथाही असंच सांगायची. धम्मदीपाच्या वेळी ती दीड महिना उठली नव्हती. अशक्तपणा असेल, म्हणून सगळ्यांनी तिला डिंकाचे लाडू खाऊ घातले होते.

"धम्मा, माह्या रक्तातही हे असन का?"

"असू शकते, बाबा."

"मंग तुह्यात?"

तिने लॅपटॉप मिटला. एक हात पोटावर ठेवून ती अंगणाकडे पाहत राहिली.

आईच्या प्रथिनाचे चारशे सहाही ठिपके तिने तपासले होते. स्वतःचं रक्त अजून तपासलं नव्हतं.