झाकण बंद असताना

पियानो दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर त्याच्या शब्दाला वजन होतं. एका नवख्या बाईने तिथे विचारलं, "झाकण बंद असतानाही माझ्या पियानोतून एक सूर वाजतो. काय करू?"

त्याने उत्तर ठोकून दिलं, "बाई, पियानो राहू द्या, आधी कान तपासून घ्या."

मग बाकीच्यांनीही तिची यथेच्छ टिंगल केली. "त्रास दिला, माफ करा," एवढंच तिने लिहिलं आणि ती पुन्हा तिथे फिरकली नाही.

ते 'माफ करा' त्याच्या मनातून जाईना. त्याने आपलं उत्तर पुसलं, सगळ्यांसमोर तिची क्षमा मागितली, तिला वेगळा निरोपही धाडला. तिकडून चकार शब्द नाही.

आज दुपारी तो वर्कशॉपमध्ये एकटाच होता. समोर एक जुना पियानो होता, सगळ्या तारा काढून झाकण लावून ठेवलेला. त्यातून एक सूर उमटला. विरला. पुन्हा उमटला.

त्याच्या हातातला पाना गळून पडला. "चुकलंच माझं," तो कसाबसा पुटपुटला. सूर थांबला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. दबक्या आवाजात तिने त्याला दटावलं, "अहो, त्यांना बसायला तरी सांगा. किती वेळ अशा तुमच्या मागे उभ्या राहतील?"