मास्तरांची तुकडी

मास्तर तेओदुलोंना मूठमाती देऊन सारं गाव शाळेच्या पटांगणात जेवायला बसलं. म्हातारी बासिलिया डोळे पुसत भात वाढत होती. तिचा लेक इसिद्रो शाळेतही मास्तरांच्या तुकडीत होता आणि महायुद्धात जपान्यांशी लढतानाही. "मी चल म्हणालो, पण तोच म्हणाला, सर, तुम्ही सगळे नदी ओलांडा, मी इथे थांबतो," असं तो मारला गेल्यावर मास्तरांनी तिला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर तिने उभं आयुष्य काढलं होतं.

तुकडीतला एकटाच उरलेला गाउडेन्सिओ माडी पिऊन रंगात आला होता. "काय डोकं मास्तरांचं! थांब म्हटलं असतं तर कोण थांबलं असतं? इसिद्रोला म्हणाले, तू गोळ्या झाडत राहा, आम्ही मागून वळसा घालून तुला घ्यायला येतो. आणि आम्हाला गुपचूप नदीपार नेलं. म्हणून तर वाचलो!"

"अन् माझा लेक?"

गाउडेन्सिओने वर पाहिलं. त्याची खाडकन उतरली. "मावशी, तुम्ही..."

"बोल."

"पलीकडच्या काठावर ऐकू येत होतं आम्हाला," तो मान खाली घालून म्हणाला. "गोळ्या संपल्यावर तो हाका मारत होता. सर, आलात का?"